पोरीला कुठल्या खणात झोपवू?

...आणि झोप लागेल तरी कशी, तुम्हीच सांगा! तुम्ही म्हणाल, बाईचा स्वभावच काळजीखोर. असेल! गावाकडं सासूबाई तेच म्हणतात, आमचे हे तेच म्हणतात, आणि खरं सांगू का, दिवसाउजेडी मी स्वतःसुद्धा तेच म्हणते. पण तुम्हाला सांगते, प्रश्न एकदम साधा होता हो. आमची उत्पला पाच वर्षांची, आणि रात्री तिचं डोकं कुठल्या खणाखाली ठेवायचं? बस्स! एवढाच प्रश्न! आता तुमच्यात जे स्लॅबखाली वाढलेत त्यांना खण म्हणजे ब्लाउजपीस वाटेल, म्हणून सांगते. आमची किरायाची खोली माळवदाची. माळवद म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. झालं छत! आणि दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. तर दाराकडच्या खणाला वाळवी, मधला खण गळका, आणि मागच्या खणाची तुळई अशी खाली वाकलेली, की उभं राहिलं तर केसांना लागावी. मग पोरीला झोपवायचं कुठं? मी तिला दाराकडं ठेवायची, पडल्यापडल्या वर बघायची, मग वाटायचं नको, उचलून मधे, मधून मागं, मागून पुन्हा दाराकडं... मांजर पिल्लं हलवतं ना तोंडात धरून, तसं चाललेलं माझं. शेवटी हे एक डोळा उघडून म्हणाले, "अगं, तिला एकदा कुठंतरी ठेव. प्रत्येक वेळी माझ्या पोटावर पाय देऊन जातीस."

यांना काय! हे झोपतात. आणि गंमत बघा, हे बांधकाम खात्यात आहेत! हसू नका. बांधकाम खात्यात खरे, पण आवक-जावक बघतात. म्हणजे पूल पडल्याचा कागद आला की शिक्का मारायचा आणि पुढं सरकवायचा. घरीसुद्धा तसंच. "अहो, तुळई वाकलीय." "हं." "अहो, माती पडतीय." "हं." शिक्का मारला, पुढं सरकवलं.

पण मी मालकाबद्दल सांगत होते. दिनकरराव. माणूस वाईट नाही हो! आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही भलतंच मनात धराल. आमची परभणीला बदली झाली तेव्हा अख्ख्या गावात आम्हाला खोली मिळत नव्हती. का मिळत नव्हती, ते... ते येईलच पुढं. तर या दिनकररावांनी आडनाव ऐकलं, सुपारी कातरली, आणि म्हणाले, "मी जात-बीत बिलकुल मानत न्हाई. मागं एक खोली हाय, घ्या." मला तर डोळ्यांत पाणीच आलं. पुढं कळलं की आमच्याआधी त्या खोलीत कडबा होता. "कडबा ठेवला तवा कधी काई तक्रार न्हाई आली बघा," असं दिनकरराव मला नंतर पुष्कळदा म्हणाले. खरंच आहे. कडब्याला पोर नव्हतं.

खोली देताना त्यांनी नियम सांगितले. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आडावर पहाटे बादली वाजवायची नाही. सांडपाणी अंगणात सोडायचं नाही. पाहुणे आले तर पुढच्या दारानं नाही, मागच्या गल्लीनं. मी बी.ए., तेही राज्यशास्त्र घेऊन! नागरिकांची कर्तव्यं आणि नागरिकांचे हक्क, शेजारीशेजारी दोन धडे असायचे आम्हाला. मी वाट बघत बसले, की आता कर्तव्यं झाली, आता हक्क येतील... मालकानं काय काय करायचं ते येईल... तर दिनकरराव उठून धोतर झटकून चालायला लागले. धडा संपला होता.

पहिल्याच पावसाळ्यात मधला खण गळायला लागला. मी गेले सांगायला. पुढच्या बाजूला त्यांचं स्वतःचं घर, नवं, स्लॅबचं, वर पाण्याची टाकी. दिनकरराव ओसरीवर बशीतून चहा पीत होते.

"काका, गळतंय."

"गळायलंय? कुठं? मधल्या खणात? आता काई फिकीर करू नका बाई. माती टाकून देतो."

एका शब्दानं रागावले नाहीत! माणूस वाईट नाही हो! दुसऱ्या दिवशी सटवाजी आला, गाढवांवर पांढरी माती लादून. उत्पला तेव्हा बोलायला लागली नव्हती, पण गाढवं बघून टाळ्या वाजवल्या तिनं. सटवाजीनं पाट्या वर नेल्या, माती पसरली, पाणी मारलं, पायांनी चोपली. मी खालून विचारलं, "वर कसंय हो?" तर म्हणाला, "वर लय ब्येस हाय बाई. नांगर धरला तर ज्वारी येईल." मी त्याला चहा दिला. हौसेनं दिला! आलं घालून!

दुसऱ्या वर्षी पुन्हा गळलं. मी पुन्हा गेले. "माती टाकून देतो." तिसऱ्या वर्षी गळलं. "माती टाकून देतो." आता खरं म्हणजे माळवदाची रीत काय, तर जुनी माती खरवडून उतरवायची आणि मग नवी टाकायची. पण उतरवायला वेगळी मजुरी, टाकायला वेगळी. मग दिनकरराव नुसती टाकायचे. आणि श्रावणात वर असं गवत माजायचं, आणि गवत दिसलं की पार्वतीबाईंची, म्हणजे मालकीणबाईंची, शेळी जिन्यानं थेट वर! खाली मी वरणाला फोडणी देतेय, वर शेळी चरतेय. शेळी एक पाऊल सरकली की वरणात चिमूटभर माती. उत्पला आता बोलायला लागली होती, ती पाटावर बसून वर बघत सांगायची, "आई, शेळी चुलीपाशी आली... आई, झाकण ठेव... आई, आता गेली बाबांच्या अंथरुणावर." मी एकदा पार्वतीबाईंना म्हटलं, "शेळीला जरा खाली बांधता का?" तर त्या म्हणाल्या, "अवो माय, मुकं जनावर ते. किती वजन आसंल त्याचं? तुमी तर कायबी मनाला लावून घेताव." मग मीच ओशाळले. खरंच, एका शेळीचं ते किती वजन असणार! मी पण ना!

पण तुम्हाला सांगते, एक दिवस वरण ढवळता ढवळता माझ्या डोक्यात हिशोब लागला. गळतं म्हणून मी बोलते, मी बोलले की माती पडते, माती पडली की तुळई वाकते, तुळई वाकली की फळ्या उकलतात, फळ्या उकलल्या की गळतं, गळलं की मी पुन्हा बोलते! म्हणजे जितकी माझी तक्रार तितकं माझ्याच पोरीच्या डोक्यावर ओझं! शिकलेली बाई, राज्यशास्त्रवाली, वर सटवाजीला आलं घालून चहा! डाव तसाच वरणात सोडून मी बाहेर जाऊन उभी राहिले. त्यानंतर गळलं तर मी बोलणं बंद केलं. पातेली ठेवायची, आणि गप्प. चांगुणाबाई, शेजारच्या, म्हणाल्या, "यंदा तुमची खोली गळली न्हाई वाटतं? मालक सांगायलेत सगळ्यांना, किरायदारीण लय खूश हाय." घ्या!

आणि मग ती पहाट. गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. तिकडं किल्लारीला जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी काय सांगू. इकडं आमच्याकडं नुसती मांडणीवरची भांडी वाजली आणि वरून मूठभर माती पोरीच्या उशीवर पडली. मूठभरच. मी तिला उचलून अंगणात कशी आले मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून पेपरात येऊ लागलं. तिकडची घरं कशी होती? दगडमातीच्या भिंती आणि वर पिढ्यान्‌पिढ्या टाकलेल्या मातीचं ओझं. माणसं झोपलेली होती हो. नुसती झोपलेली... मी तो पेपर घडी करून ठेवला, पुन्हा उघडला, पुन्हा घडी केली. आणि आमची मागची तुळई बघितली तर तिला बोट जाईल एवढी चीर.

हे म्हणाले, "तुला छताचंच एवढं काय भ्या?" आता यांना काय सांगू? म्हणजे यांना ठाऊक आहे, पण ते कागद पुढं सरकवतात. अठ्ठ्याहत्तर साली मी सातवीत होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या वस्तीवर एका संध्याकाळी लोक आले... असो. आमच्या घराचं छत तेव्हा जळून गेलं. एक मात्र झालं, त्यानंतर बरेच दिवस छत पडायची भीती नव्हती.

हसा हो. मीपण हसते.

तर गेले मी दिनकररावांकडं. चीर दाखवली. त्यांनी खालून काठीनं ठोकून बघितली, माती पडली तशी मागं सरकले, आणि म्हणाले, "परभणीला भूकंप होत नसतो बाई. व्हायचा असता तर त्याच दिशी झाला असता. पण तुमच्या मनाला शांती पायजे ना? टेकू देतो." आणि खरंच दिला! माणूस वाईट नाही हो! बाभळीचं एक लाकूड आणून खोलीच्या बरोब्बर मधोमध उभं केलं. "आता वर लगीन लावा, हलत न्हाई. फकस्त त्याला खिळा ठोकू नका." म्हणजे आता आमच्या खोलीत आम्ही तिघं आणि ते लाकूड. उठायचं तर त्याला वळसा, वाढायचं तर त्याला वळसा. यांनी दोनदा कपाळ आपटलं, तेव्हा कुठं यांना पहिल्यांदा खोलीत काही बिघाड असल्याचं जाणवलं. उत्पला त्याला धरून गोल गोल फिरायची, आणि ती फिरली की वरून भुरभुर... मी ओरडायची, "हात लावू नको!" पाच वर्षांच्या पोरीला सांगायचं की घरात पळू नको, उड्या मारू नको, खांबाला धरू नको, जोरात दार लावू नको. मग पोरीनं करायचं काय? कडब्यासारखं पडून राहायचं?

तेव्हा मात्र मी बोलले. पुन्हा ती ओसरी, पुन्हा ती बशी.

"काका, वरची माती उतरवा."

"उतरवू?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "अवो, माती उतरवली की गळंल. मग तुमीच येताल, काका गळायलंय, काका गळायलंय."

"गळू द्या. पण घर तुमचं आहे, ते धड ठेवायची जिम्मेदारीसुद्धा तुमचीच आहे ना?"

बोलून गेले खरी. एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते, परीक्षेत लिहिलं होतं फक्त. दिनकररावांनी बशी खाली ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. इतक्या मायेनं बोलले, इतक्या मायेनं...

"जिम्मेदारी म्हणताव? तुमाला समद्या गावात कुणी दारात उभं करत नव्हतं, तवा जिम्मेदारी कुणी घेतली? लोक मला काय काय बोलले, ते मी कधी सांगितलं का तुमाला? आता माती उतरवायची तर तुळया बदलाव्या लागतेत. तुळया बदलायच्या तर मी स्लॅबच टाकतो की! चांगलंच हाय. तुमी खाली करा, मी स्लॅब टाकतो."

"मग... स्लॅब पडल्यावर आम्ही परत...?"

"न्हाई, मग कसं हाय बाई, स्लॅबच्या खोलीला गिऱ्हाईक येगळं येतं." आणि लगेच, माझा चेहरा बघून, "पर घाई न्हाई हं! दुसरीकडं भेटली तर जावा. न्हाई भेटली तर हायच की ही खोली. मी काय तुमाला हाकलायलोय का?"

म्हणजे समजलं का तुम्हाला? छत नीट झालं की आम्ही नको, आणि आम्ही हवे असू तर छत असंच. मी उठले, "बरं काका" म्हणाले. आणि वर काय म्हणाले असेन? "येते हं, चहा घ्या तुम्ही." बघा! चहा घ्या म्हणाले! त्यांच्याच ओसरीवर, त्यांचाच चहा!

मग रविवारी रविवारी आम्ही खोली बघायला निघायचो. ऑक्टोबरातलं ऊन, हे पुढं, मी मागं, माझ्या बोटाला पोरगी. पहिलं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, बाजूला. बाहेर पाटी, "खोली किरायानं देणे आहे." मालकानं फाटकातच आडनाव विचारलं, यांनी सांगितलं, आणि तो म्हणाला, "अरेरे, कालच दिली की." मी पाटीकडं बघितलं. तो म्हणाला, "काढायची राह्यली." परतताना उत्पला विचारते, "आई, हे घर छान होतं. आपण का न्हाई घेतलं?"

आता काय सांगायचं होतं मी? सांगा ना! तुम्ही काय सांगितलं असतं? माझ्या बापानं मला सातवीत सगळं खरं खरं सांगितलं होतं, समोर जळतच होतं म्हणून. पण ही पाच वर्षांची, गुलाबी रिबिनी बांधून आलेली... माझ्या तोंडून पटकन गेलं, "अगं, त्यांचं छत चांगलं नव्हतं. पडणारंय." तिला एकदम पटलं! छतं पडतात हे तिला आमच्याइतकं कुणाला ठाऊक! तिनं मागं वळून त्या घराकडं असं बघितलं, "अरे बापरे!"

दुसरं घर आबासाहेब म्हणून एका निवृत्त मास्तरांचं. त्यांनी बसवलं, चहा दिला, समतेवर तासभर बोलले. म्हटलं, झालं काम! तर शेवटी म्हणतात, "माझी काहीच हरकत नाही हो. पण सध्या नामांतराचं परत गाजतंय. उद्या तुम्हाला इथं कुणी काही केलं, तर जिम्मेदारी कुणाची?" सगळ्यांना एकदम जिम्मेदारीच आठवायला लागली! बाहेर आलो, तर पोरीनं विचारलंच नाही, स्वतःच म्हणाली, "ह्यांचं पण पडणारंय ना?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की किती सोपं जातं, तुम्हाला सांगते!

आणि मग सगुणाबाईंचं घर. आता हे घर कसं सांगू... नवं कोरं, स्लॅबचं, खाली फरशी, खोलीला दोन खिडक्या, भिंती कोरड्या. मी हात लावून बघितल्या, पाठ करून, चोरून. कोरड्या! यांना त्या दिवशी ऑफिसचं काम होतं, मी आणि उत्पला दोघीच. सगुणाबाई एकट्याच राहणाऱ्या, पोर बघून खूश. पंखा लावला, पोरीला मांडीवर घेतलं, हातावर लाडू ठेवला. "मला बी सोबत होईल बाई. नातवंडं समदी नांदेडाला." मी छताकडं बघत होते. पांढरं, सपाट, एक रेघ नाही. मी मनातल्या मनात अंथरूणसुद्धा टाकलं. कुठंही टाकलं! इथं खणच नव्हते, इथं पोरीला कुठंही झोपवता येत होतं!

"आमचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमचं?"

म्हणजे आडनाव नाही विचारलं, बघा. बायका अशा विचारतात. मी एक क्षण... खरंच एक क्षण, त्या छताकडं बघून वाटलं, नरसिंह म्हणावं. कोण बघतंय? पण मग उद्या माझ्या घरातली बाबासाहेबांची तसबीर कुठं लावू? कपाटाच्या आत? मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत, मावशी."

त्यांनी उत्पलाला मांडीवरून हळूच खाली ठेवलं. हळूच हं, माणूस वाईट नाही! मग उठून पंखा बंद केला. "लाइट लय जळती," म्हणाल्या. मग आठवल्यासारखं करून, "अगं बाई, मी बी कशी, भाच्याला शब्द दिलाय की ह्या खोलीचा! ध्यानातच राह्यलं न्हाई."

"असू द्या मावशी," मी म्हटलं. "होतं असं."

त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी पोरीचा हात धरून चालायला लागले, भरभर, कारण माझे डोळे... ऊन फार होतं हो. तर उत्पलानं हात सोडवून घेतला. मागं पळाली. फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली, हातात अर्धा लाडू, त्या चकचकीत स्लॅबकडं वर बघितलं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आजी, तुमचं छत पडणारंय, तुमी घरात झोपू नका! आणि कुठंच खोली न्हाई भेटली तर आमच्याकडं या राहायला. आमची आई कुणालाच न्हाई म्हणत न्हाई!"